हॉल्टच्या खिडकीवरचा शब्द

विद्यापीठाच्या हॉल्टवरची ती घटना विसरायची मी पुष्कळ खटपट केली. पण त्रिचीकडे जाणारी पॅसेंजर तिथे थांबतेच, आणि डब्यातून तिकीटखिडकी दिसतेच. खिडकीच्या वरच्या फळीवर कुणीतरी खिळ्याने एक तमिळ शब्द कोरला आहे. ‘दुरोगी’. म्हणजे विश्वासघातकी. रेल्वेने त्यावर रंग मारून पाहिला, पण रंगाखालूनही तो वाचता येतो. खिडकीत बसणाऱ्या म्हाताऱ्या एजंटासाठी तो कोरलेला आहे. त्या शब्दाचा खरा धनी मी आहे. पोलिसांच्या फाइलमध्ये हे प्रकरण ‘तपास पूर्ण’ म्हणून बंद झालं, मला त्याबद्दल शाबासकी मिळाली, आणि त्या फाइलमधल्या प्रत्येक पानावर माझी सही आहे. त्यातलं खरं काय आणि खोटं काय, हे मी जिवंत असेपर्यंतच सांगता येईल.

मी तंजावूरचा. आमचं घर राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. मराठी राजांच्या चाकरीत आलेली आणि इथेच राहिलेली जी घराणी आहेत, त्यांपैकी आमचं एक. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, कचेरीत तमिळ आणि इंग्रजी. आमची मराठी महाराष्ट्रातल्या माणसाला जुनाट वाटते आणि तिच्या चालीला हसूही येतं. देवनागरी मला नोकरीत असेपर्यंत धड वाचता येत नव्हती. ती निवृत्तीनंतर शिकलो.

आमच्या लोकांची एक सवय आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दुकानात, बसमध्ये, डॉक्टरच्या दारात, चारचौघांत काही घरचं बोलायचं झालं की आम्ही मराठीवर येतो. आजूबाजूच्यांना एक अक्षर कळत नाही. मूल बोलायला लागल्यापासून त्याच्या मनात हे मुरतं, की या भाषेत बोललेलं बाहेर जात नाही. दार लावून घेतल्यासारखंच असतं ते. म्हणून तंजावुरात दोन अनोळखी मराठी माणसं भेटली की पाच मिनिटांत एकमेकांना असं काही सांगून बसतात, जे शेजाऱ्याला वर्षानुवर्षं सांगितलेलं नसतं.

तमिळ लोक आम्हाला ‘रायर’ म्हणतात. मी पोलीस निरीक्षक, ठाण्यात ‘रायर सार’ होतो. आणि हॉल्टवरचा तिकीट एजंट नुसताच ‘रायर’.

विद्यापीठ शहराबाहेर आहे. एका बाजूला महामार्ग, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि तिच्यामधून गेलेले रूळ. महामार्गावर लॉऱ्यांखाली पोरं सापडायला लागल्यावर विद्यार्थ्यांनी मागणी करून करून हा हॉल्ट मिळवला होता. दोन बुटके फलाट, पत्र्याची शेड, कडुलिंबाची काही झाडं आणि विटांची एक खोली. स्टेशनमास्तर नाही, पोर्टर नाही. अशा ठिकाणी रेल्वे कमिशनवर एजंट नेमते. भाताच्या गिरणीतली कारकुनी संपल्यावर रायरने हे काम धरलं होतं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, विधुर, मूलबाळ नाही. पोरांनी त्यांच्या खोलीचं गोदाम करून टाकलं होतं. कुणाचं हेल्मेट, कुणाचा डबा, कुणाची हॉकी स्टिक. सकाळी ठेवायचं, संध्याकाळी न्यायचं. रायर कटकट करायचे आणि सगळं सांभाळायचे. सगळी पोरं त्यांना ‘तात्ता’ म्हणायची, म्हणजे आजोबा.

त्या हॉल्टवरून रोज जाणारी एक विद्यार्थिनी नाहीशी झाली. एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. वडील आपल्या भावांना घेऊन माझ्या ठाण्यात आले. मोठे जमीनदार, भागात वजन असलेला माणूस. मुलगी कॉलेजला गेली ती परत आली नाही, फोन बंद, अशी फिर्याद. ‘स्त्री बेपत्ता’ म्हणून गुन्हा नोंदवला. फोनचा तपशील मागवला, तर शेवटचा टॉवर हॉल्टजवळचा. पोलीस शिपायांना बसस्टँडवर, लॉजवर पाठवलं. वर्गातल्या मुली तोंड उघडेनात. पण एकीच्या गप्प बसण्यावरूनच मला कळलं की मुलगी आपण होऊन गेली आहे आणि एकटी गेलेली नाही. मुलगा विद्यापीठातच संशोधन करणारा होता. दोघांच्या जाती मी लिहीत नाही. ही जात उच्च आणि ती नीच असं मानणाऱ्या माणसांमुळेच हे सगळं झालं, एवढं पुरे.

बापाला मुलाचं नाव आधीच कुठून तरी कळलं होतं. फिर्याद देताना त्याने ते सांगितलं नाही. मुलाच्या वस्तीत मात्र बापाचे भाऊ दोन गाड्या घेऊन जाऊन आले होते. मुलाची आई घराला कुलूप घालून कुठेतरी निघून गेली होती. हे मला स्टेशन डायरीत लिहिता आलं असतं. मी लिहिलं नाही.

उपअधीक्षकांचा फोन येऊ लागला. सकाळी एकदा, दुपारी एकदा. “रायर, मुलगी कुठे आहे? वरून विचारणा होतेय. एका पोरीला शोधायला एवढा वेळ?”

धागा मिळाला तो महिला हवालदाराकडून. मरिअम्मनच्या मंदिरात दर शुक्रवारी उभी राहणारी, हसतमुख, गप्पिष्ट बाई. हॉल्टवर मोगऱ्याचे गजरे विकणाऱ्या एका म्हातारीशी तिने गप्पा काढल्या होत्या. ती माझ्या टेबलासमोर येऊन म्हणाली, “सार, गंमत ऐका. ती फुलवाली म्हणते, रायरला म्हातारपणी चळ लागला. बायको जाऊन किती वर्षं झाली, आणि परवा माझ्याकडून दोन मोठे हार करून नेले.”

“देवाला नेले असतील.”

“देवाला एकसारखे दोन कशाला, सार? आणि तेही गुलाबाच्या पाकळ्या घातलेले?”

आमच्याकडे लग्नात वधूवर एकमेकांच्या गळ्यात हार घालतात. हवालदार बाई हसत होती. मीही हसलो. मग दोघांचंही हसू एकदमच थांबलं.

रायरला ठाण्यात आणलं. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पांढरी वेष्टी, खांद्यावर पंचा, कपाळावर गंधाची पुसटशी रेघ. माझा उपनिरीक्षक तरुण आणि तापट होता. त्याने टेबलावर हात आपटून तमिळमध्ये सुरू केलं. हार कुणासाठी, पोरगी कुठे, पोरगा कुठे. रायरचं एकच उत्तर, “देवाला घेतले, सार.”

“कुठल्या देवाला?”

“माझ्या घरच्या.”

“म्हातारा आहेस म्हणून सोडीन असं वाटतं का? कमिशन बंद करीन! फलाटावर भीक मागशील!”

“बरं, सार.”

उपनिरीक्षकाचा हात वर गेला. मी त्याला अडवलं आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. दारातून जाताना एक शिपाई दुसऱ्याला म्हणालेला मला ऐकू आलं, “आता दोन रायर आतमध्ये! आपल्याला काय कळणार?” दोघेही हसले.

मी कॉफी मागवली. पितळी डबरा आणि टंबळर, म्हणजे वाटी आणि पेला, पुढे सरकवला आणि घरच्या मराठीत म्हणालो, “कोणत्या गल्लींतले तुम्हीं?”

त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग त्यांनी गल्ली सांगितली. आमच्या गल्लीच्या मागचीच. माझ्या आत्याच्या घराशेजारी त्यांची मावशी राहत असे. माझ्या आजीच्या हातचं डांगर त्यांनी लहानपणी खाल्लं होतं. त्यांची पाठ हळूहळू खुर्चीला टेकली. कॉफीचा घोट घेऊन ते म्हणाले, “तुझी आजी फार बेस बाई होती रे.”

‘सार’चा ‘तू’ झाला होता. चौकशीत असा क्षण आला की अनुभवी अधिकाऱ्याला तो कळतो. माणूस उघडायला लागलेला असतो. मला तो कळला आणि मला आनंद झाला. तो आनंद तपास अधिकाऱ्याचा होता, आणि तोच मी पुढे किती वर्षं लोकांना अभिमानाने सांगत आलो.

मी म्हणालो, “रायर, पोर सज्ञान आहे. तिनं आपण होऊन लग्न केलें असेल तर कायदा तिच्या बाजूला. मज तिचा जबाब पाहिजे. तिला दंडाधिकाऱ्यापुढें उभी करतों. ती सांगेल तिकडे तिला जाऊं देतों. बापाला पत्ता देत नाहीं. पण माझ्याआधीं तिचे काके तिथें पोंचले, तर कोणीही कांहीं करूं शकत नाहीं.”

यातला शब्दन् शब्द खरा होता. मी तसंच करायचं ठरवलंही होतं. वाचकांनी मला त्याचं श्रेय देऊ नये.

रायर म्हणाले, “बाहेर अस्की तिच्या बापाची माणसं आहेत.” आमच्या बोलीत अस्की म्हणजे सगळी. “तुझ्या ठाण्यांतही असतील.”

“म्हणून तर ह्या भाषेंत बोलतों आहे. हें ह्या खोलींतून बाहेर जात नाहीं.”

“शपथ घेतोस?”

“घेतों. कोणाची घेऊं?”

त्यांनी हात हलवला. “शपथ नको. आपल्या भाषेंत बोललास, तें पुरे.”

मग त्यांनी सांगितलं. तिरुवैयारुला त्यांची बहीण राहते. गाणं शिकवते, एकटी असते. दोघांचं लग्न गावाबाहेरच्या एका लहानशा देवळात लावून रायरनेच त्यांना तिच्याकडे पोचवलं होतं. लग्नाची सरकारी नोंद अजून झाली नव्हती. मुलगा त्यासाठी रोज वकिलाकडे खेपा घालत होता. “पोर रोज माझ्या खोलींत बसून अभ्यास करायची रे,” रायर म्हणाले. “गाडी उशिरा आली की माझ्या जागीं बसून तिकिटं द्यायची. मज म्हणायची, तात्ता, तुम्हीं झोपा. मज लेक असती तर याहून काय वेगळी असती?”

मी हवालदार बाईला घेऊन साध्या कपड्यांत तिरुवैयारुला गेलो. नदीकाठची शांत गल्ली. घराबाहेरच्या ओट्यावर रायरची बहीण चार मुलींना स्वर घोटून घेत होती. मला पाहून तिचा ताल थांबला. मी मराठीत बोललो, तिच्या भावाचं नाव घेतलं आणि तिचा चेहरा निवळला. तिने आत हाक मारली. मुलगी बाहेर आली. गळ्यात हळदीने पिवळा झालेला नवा धागा, इकडचं मंगळसूत्र. मुलगा वकिलाकडे गेला होता.

“तात्तांनी पाठवलं का तुम्हाला?” तिने विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

ती चप्पल घालून निघाली. रडारड नाही, ओढाताण नाही. माझ्या सगळ्या नोकरीत इतक्या सहज कुणी जीपमध्ये बसलं नव्हतं. वाटेत कावेरीच्या पुलावर तिने एकदाच विचारलं, “कोर्टातच ना, सार?”

“कोर्टातच,” मी म्हणालो.

जीपमध्ये चढण्यापूर्वी मी उपअधीक्षकांना फोन केला होता. मुलगी सापडली, एवढंच सांगितलं. ठाण्याचं दार दिसलं तेव्हा मला कळलं की त्या एवढ्याशा वाक्याने काय केलं होतं. आवारात बापाच्या गाड्या उभ्या होत्या. माझ्या खोलीत उपअधीक्षक, भागातला एक पुढारी, बाप आणि त्याचे भाऊ. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवून खिशातला फोन काढला आणि टेबलावर ठेवला.

संध्याकाळ व्हायला आली होती. कोर्ट उठलं होतं. पण दंडाधिकाऱ्यांच्या निवासस्थानी तिला नेता आलं असतं. अशी तरतूद आहे, आणि मी ती इतर प्रकरणांत वापरली होती. सरकारी महिला वसतिगृहात तिला ठेवता आलं असतं. हवालदार बाई माझ्या कानाशी येऊन म्हणालीसुद्धा, “सार, वसतिगृहात नेऊ या. मी तिच्यापाशी बसते. सकाळी कोर्टात उभी करू.”

उपअधीक्षक म्हणाले, “रायर, आईबाप आहेत तिचे. वाघ नाहीत. हमीपत्र लिहून घ्या आणि समजूत घालून पाठवा. प्रकरण वाढवायचंय का?”

बापाने माझे पाय धरले. मोठा माणूस, सोन्याचं घड्याळ घातलेला. “सार, तिची आई जेवलेली नाही. एकदा आईला भेटू दे. मग तिला वाटेल ते करू दे. मी स्वतः लग्न लावून देतो.” तो खरोखर रडत होता. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. तो खोटं रडत नव्हता. माणसं खरं रडतात आणि घरी जाऊन करायचं तेच करतात. हे मी तोवर या जिल्ह्यात अनेकदा पाहिलेलं होतं. ‘एकदा आईला भेटू दे’ हे वाक्यही मी पूर्वी ऐकलेलं होतं आणि त्यापुढे काय घडतं तेही मला माहीत होतं. फाइलमध्ये लिहिलं आहे की पालकांच्या आश्वासनावर विश्वास ठेवून मुलीला त्यांच्या ताब्यात दिलं. पहिली दुरुस्ती इथे करतो. माझा विश्वास बसलेला नव्हता.

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. ती स्पष्ट आवाजात म्हणाली, “सार, मी जाणार नाही. मी सज्ञान आहे. मला कोर्टात जायचंय. तुम्ही म्हणाला होता.”

पुढारी हसला. “बघा, एम. एस्सी. शिकवल्याचा फायदा!”

उपनिरीक्षकाने हमीपत्राचा मजकूर लिहून आणला. मुलीला कोणताही त्रास देणार नाही, वगैरे. बापाने सही केली, काकांनी साक्षीदार म्हणून केली. खाली मी केली. मुलीच्या सहीसाठी कागद पुढे केला, तर तिने पेन घेतलं नाही. तिथे अंगठ्याचा ठसा आहे. तो कसा घेतला गेला ते मी पाहिलं. दुसरी दुरुस्ती ही.

तिने पाणी मागितलं. हवालदार बाईने दिलं. पाणी पिऊन ती माझ्या टेबलाजवळ आली आणि हळूच म्हणाली, “तात्तांना सांगू नका हं, मी घाबरले होते म्हणून.”

काकांनी तिला गाडीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बातमी आली. पोटात दुखून मुलगी वारली. दहनही झालेलं होतं. गावच्या अधिकाऱ्याने तसा दाखला दिला होता. संशयास्पद मृत्यू म्हणून नोंद करणं, जागेवर जाणं, राख का होईना ताब्यात घेणं, हे माझं काम होतं. उपअधीक्षकांचा फोन आला, “वाईट झालं. पण आपलं प्रकरण कालच बंद झालंय ना?” मी म्हणालो, “हो सार.” स्टेशन डायरीत आदल्या दिवशीची शेवटची ओळ होती: ‘बेपत्ता मुलगी सुखरूप सापडली, पालकांच्या ताब्यात दिली.’ मी तिच्याखाली काहीही लिहिलं नाही.

मुलगा ठाण्यात आला. दाढी वाढलेली, हातात प्लास्टिकची फाइल, तिच्यात देवळात काढलेले फोटो. “तिला मारलं, सार. तक्रार घ्या.” मी विचारलं, “तू तिचा कोण?” नोंदणी झालेली नव्हती. कायद्याने तो तिचा कुणी नव्हता, असं मी त्याला समजावलं. वास्तविक तक्रार द्यायला नातं लागत नाही. खुनाची खबर रस्त्यावरचा माणूसही देऊ शकतो, हे नव्या शिपायालाही शिकवतात. ही तिसरी दुरुस्ती. तो म्हणाला, “तुम्ही शिकवता का कुठे, सार? कायदा छान समजावता.” मग फाइल छातीशी धरून निघून गेला. विद्यापीठही त्याने सोडलं.

आता फाइलमधली ती ओळ, जिच्यामुळे हे लिहितो आहे. पत्ता कुठून मिळाला, हे तपासात दाखवावं लागतं. खबऱ्याचं नाव लिहीत नाहीत. ‘विश्वसनीय सूत्रांकडून’ एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण उपनिरीक्षकाने मसुदा आणला, त्यात होतं, ‘हॉल्टवरील तिकीट एजंटाने स्वेच्छेने पत्ता दिला.’ मी ते वाचलं आणि राहू दिलं. कारण सरळ आहे. पुढे कुणी विचारलं असतं, की पत्ता देणाऱ्याला तुम्ही काय वचन दिलं होतं, तर उत्तर द्यावं लागलं असतं. स्वेच्छेने दिला म्हटल्यावर वचनाचा प्रश्नच नाही. आणि त्या खोलीत काय बोललं गेलं, हे सांगणारा तिसरा माणूस नव्हता. दाराबाहेर शिपाई होते, पण त्यांना आमची भाषा येत नव्हती.

ती ओळ ठाण्यातून विद्यापीठात पोचायला वेळ लागला नाही. पोरांनी ठरवलं, की तात्ताने पैसे घेऊन तिला विकलं. खोलीतली हेल्मेटं, डबे, बॅगा एका सकाळीच उचलल्या गेल्या. पुढच्या आठवड्यात खिडकीवर तो शब्द आला. तिरुवैयारुला बहिणीच्या शिकवणीच्या मुलीही एकेक करून यायच्या बंद झाल्या. ज्याने त्या पोरीला आपल्या बहिणीच्या घरात जागा दिली, त्याच्याच नावावर तिचा घात जमा झाला. मला मात्र प्रजासत्ताक दिनाला कवायतीच्या मैदानावर जलद तपासाबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. ते मी घेतलं. घरी आईने ते भिंतीवर लावायला सांगितलं. तिला तमिळ वाचता येई, त्यामुळे तिने ते पाहुण्यांना मोठ्याने वाचूनही दाखवलं.

हवालदार बाई नंतर माझ्याशी कामापुरतं बोलायची. शुक्रवारी मंदिरातून प्रसाद आणून सगळ्या टेबलांवर ठेवायची, माझं टेबल वगळून. एकदा मी सहज विचारल्यासारखं केलं, “मला नाही का?” ती म्हणाली, “तुम्हाला चालेल का, सार?” आणि कागद चाळू लागली.

रायर मला एकदाच भेटले, राजवाड्याजवळच्या रस्त्यावर. मी थांबून मराठीत म्हणालो, “रायर, माझ्या हातांत नव्हतें हो.” ते तमिळमध्ये म्हणाले, “होय, सार.” आणि रस्ता ओलांडून गेले.

निवृत्त झालो. मुलगा चेन्नईत. नातवंडांना मराठी कळते, बोलता येत नाही. बायको गेल्यापासून मी ती भाषा ज्याच्याशी बोलावी असं घरात कुणी उरलं नाही.

एवढ्या वर्षांच्या नोकरीतून काय शिकलात, असं लोक विचारतात. पोलिसाला माणूस बोलता करायला मारावं लागत नाही. माराने फार थोडं मिळतं. त्याच्या आजीचं नाव माहीत असलं, त्याच्या गल्लीतला सण माहीत असला, तर तो सगळं देऊन टाकतो. हे मी प्रशिक्षणाला आलेल्या तरुण अधिकाऱ्यांना शिकवलंही आहे, आणि त्यांनी ते लिहून घेतलं आहे. पण माणूस जे आपल्याला अशा रीतीने देतो, ती खबर नसते. ती ठेव असते. रायरच्या खोलीत हेल्मेटं होती तशी. संध्याकाळी ज्याची त्याला परत करायची. हा भाग मी त्यांना शिकवला नाही, कारण शिकवायचा तर उदाहरण द्यावं लागलं असतं.

गेल्या महिन्यात मी हे सगळं तमिळमध्ये लिहून पोलीस अधीक्षकांकडे आणि दंडाधिकाऱ्यांकडे दिलं. उपअधीक्षकांचा फोन, ठसा, ‘स्वेच्छेने’ हा शब्द, सगळं. मराठीत लिहून थांबलो असतो तर पुन्हा तेच झालं असतं. ज्यांना कळायला हवं त्यांना न कळणाऱ्या भाषेत बोलून मोकळं व्हायचं. त्यातून काही निघेल असं मला वाटत नाही. कारकुनाने अर्ज घेतला, शिक्का मारला आणि विचारलं, “आता कशाला, सार? पेन्शनला काही होईल बरं.” होऊ दे म्हटलं. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या कचेरीतही एक प्रत दिली. तिथल्या मुलामुलींनी तिचं नावही ऐकलेलं नव्हतं. खिडकीवरचा शब्द मात्र सगळ्यांना माहीत होता. वर्ष सरताना जाणारी पोरं नव्या पोरांना सांगून जातात, तात्ताकडे काही ठेवू नका.

तिथून चालत हॉल्टवर गेलो. खिडकीपुढे रांग होती. मी रांगेत उभा राहिलो. रायर आता पार वाकलेत. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. खोलीत त्यांच्या मागे भिंत रिकामी होती. एकही हेल्मेट नाही. माझी पाळी आली तेव्हा मी वाकून, आमच्या मराठीत, हळू आवाजात सांगितलं. लिहून दिलें आहे. अस्की सांगितलें. तुमचा कांहीं दोष नव्हता, तेंही. आणि ती घाबरली होती, हें तुम्हांस सांगूं नको म्हणाली होती.

त्यांचा हात तिकिटांवर थांबला. शेवटचं वाक्य त्यांना कळलं, हे मला त्या हातावरून समजलं. मागे एक मुलगा कुरकुरला, “तात्ता, गाडी आली, लवकर!”

रायरने मान वर केली आणि मला तमिळमध्ये विचारलं, “कुठे जायचंय, सार?”

मी म्हणालो, तंजावूर. तमिळमध्येच म्हणालो. त्यांनी तिकीट दिलं, सुटे पैसे मोजून खिडकीत ठेवले आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत पुढच्याला हाक मारली.